झ्विकाऊची तिसरी नांगरट

जर्मनीच्या पूर्व भागात झ्विकाऊ नावाचे शहर आहे. तिथल्या फोक्सवॅगनच्या मोटार कारखान्यात सुमारे 8 हजार माणसे कामाला होती. 26 जून 2020 रोजी त्या कारखान्यातून पेट्रोलवर चालणारी शेवटची गाडी बाहेर पडली. तेव्हापासून तिथे फक्त विजेच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, गाड्या बनतात. या बदलासाठी कंपनीने 120 कोटी युरो घातले. हयात इंजिने बसवण्यात घालवलेल्या कामगारांना पुन्हा शाळेत बसवले. ते बसले. कंपनीने जे जे सांगितले ते सगळे शिकले. आणि साडेचार वर्षांनी, 20 डिसेंबर 2024 रोजी ठरले की झ्विकाऊच्या बहुतेक गाड्या 2027 पासून दुसऱ्या कारखान्यांत न्यायच्या.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात या परदेशी मोटारीचे काय काम, असे बैठकीत कोणीतरी विचारणारच. सांगतो.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. फोक्सवॅगनला पर्यावरणाचा पुळका आला म्हणून ती विजेकडे वळली नाही. चोरी पकडली गेली म्हणून वळली. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघडे केले की कंपनीच्या डिझेल गाड्यांत एक छुपी आज्ञावली घातलेली आहे. गाडी तपासणीच्या यंत्रावर उभी आहे की रस्त्यावर धावते आहे, हे तिला कळते. तपासनीसासमोर धूर साळसूद, रस्त्यावर लागताच विषारी नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. वजनमापवाला आला की बरोबर तोलणारा आणि तो गेला की क्विंटलमागे दोन किलो खाणारा काटा आपल्या ओळखीचा आहे. तोच हा काटा, फक्त जर्मन बनावटीचा. जगभरात अशा 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय संस्थेने तपासणी केल्यावर डिसेंबर 2015 मध्ये सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दंड, भरपाई, खटले मिळून कंपनीला 3 हजार कोटी युरोंहून जास्त भुर्दंड पडला. डिझेलचे नाव बदनाम झाले, युरोपचे धुराचे नियम आवळत चालले होते, चीनचे सरकार विजेच्या गाड्या मागत होते. मागे जायला वाटच उरली नाही.

आता यातला तंत्राचा भाग पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. तेलावरच्या गाडीचा जीव म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. हे दोन्ही फोक्सवॅगन स्वतः घडवत असे. शंभर वर्षांचे कसब त्यात साठलेले. विजेच्या गाडीत मोटर असते, पण ती बनवणे त्यामानाने सोपे, भाग थोडे, बिघाड थोडे. या गाडीचा जीव म्हणजे बॅटरी, आणि गाडीच्या खर्चातला फार मोठा वाटा तिचाच. या बॅटरीचे सेल फोक्सवॅगनला करता येत नव्हते. ते कोरियन कंपनीच्या पोलंडमधल्या कारखान्यातून विकत आणावे लागले.

कपाशीवाल्याला हे फोड करून सांगायला नको. घरची सरकी राखून पेरणारा माणूस संकरित वाणावर गेला, 2002 नंतर बीटीवर गेला. बोंडे भरली, उत्पन्न वाढले, ते आम्ही नाकारत नाही. पण बियाणे घरातून गेले आणि पाकिटात आले. फोक्सवॅगनचे नेमके हेच झाले. मग बाजारात पुढे कोण गेले? ज्याच्या घरी बियाणे होते तो. चीनमधली बीवायडी ही मुळात बॅटऱ्या बनवणारी कंपनी, मोटारींच्या धंद्यात मागाहून आलेली. चीनच्या बाजारात वर्षानुवर्षे पहिल्या असलेल्या फोक्सवॅगनला तिने 2023 मध्ये मागे टाकले. त्यानंतर फोक्सवॅगननेही स्वतःचे सेल करायला घेतले, पण तो कारखाना टाकला साल्झगिटरला. झ्विकाऊला नाही. हे गावाचे नाव ध्यानात ठेवा.

झ्विकाऊची जमीन अशी उलथीपालथी होण्याची ही पहिली वेळ नव्हे. साम्यवादी राजवटीत 1957 पासून इथे ट्राबांट नावाची लहान गाडी बनायची. पोलाद मिळत नव्हते म्हणून तिची बाह्यांगे कापसाची केली होती! सोव्हिएत रशियातून येणारा कापसाचा टाकाऊ तंतू आणि फिनॉलचा राळ यांचे थर गरम साच्यात दाबून पत्रा करत. न गंजणारा आणि न कुजणाराही. अशा 30 लाखांवर गाड्या बनल्या. गिऱ्हाइकाला गाडीसाठी दहा दहा वर्षे थांबावे लागे. दोन्ही जर्मनी एक झाल्या, लोकांनी पश्चिमेच्या गाड्या पाहिल्या आणि एप्रिल 1991 मध्ये ट्राबांट बंद पडली. फोक्सवॅगन आली, माणसे नवे काम शिकली. ही पहिली नांगरट म्हणा किंवा दुसरी, मोजणी कुठून करायची त्यावर आहे. विजेची नांगरट तिसरी.

ती करताना कामगारांना सांगितले गेले होते की पुढची दिशा हीच आहे. दिशा चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. चुकला तो सरकारचा शब्द. जर्मन सरकार विजेच्या गाडीच्या खरेदीवर हजारो युरो सूट देत होते. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या घटनापीठाने अंदाजपत्रकातली 6 हजार कोटी युरोंची हातचलाखी रद्द केली. तिजोरीत खड्डा पडला. 16 डिसेंबरला, शनिवारी, सरकारने जाहीर केले की सूट बंद; अर्ज रविवारी रात्रीपर्यंत. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क एका अधिसूचनेने उठवले गेले, तेव्हा बोंडे अजून झाडावर होती हे ज्यांना आठवते, त्यांना जर्मन शनिवार समजावून सांगावा लागणार नाही. जर्मनीत 2023 साली 5 लाख 24 हजार विजेच्या गाड्या नोंदल्या गेल्या होत्या, 2024 मध्ये 3 लाख 81 हजार. सूट काढून घेणाऱ्या मंत्र्याची खुर्ची त्याने हलली नाही. झ्विकाऊतल्या पाळ्या कमी झाल्या. 2025 मध्ये विक्री पुन्हा चढली, म्हणजे माल खोटा नव्हता. पण कामाचे वाटप तोवर ठरून गेले होते.

ते कसे ठरले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने 1994 पासूनचा नोकरीच्या हमीचा करार मोडला आणि जर्मनीतले कारखाने बंद करण्याची भाषा केली. तिच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. 2 डिसेंबरला नऊ कारखान्यांतले सुमारे 1 लाख कामगार काम टाकून बाहेर आले. आणि त्यांच्या हातात केवळ संप नव्हता. कंपनीच्या देखरेख मंडळावर 20 पैकी 10 जागा कामगारांच्या. लोअर सॅक्सनी या राज्याची 20 टक्के मते. कारखाना उभारायचा किंवा हलवायचा तर मंडळाची दोनतृतीयांश संमती हवी, असा 1960 चा कायदा. परिणामी एकही कारखाना लगेच बंद झाला नाही, कोणाला हाकलून काढता आले नाही. 2030 पर्यंत 35 हजार जागा कमी होणार, पण निवृत्तीने आणि राजीखुशीने.

एवढी पक्की मोट बांधलेली, तरी झ्विकाऊच्या वाट्याला काय आले? मुख्य गाव वोल्फ्सबुर्गने आपली गोल्फ गाडी मेक्सिकोला सोडली आणि बदल्यात झ्विकाऊची आयडी-3 घेतली. आणखी एक गाडी एमडेनला जाणार. वोल्फ्सबुर्ग, एमडेन, सेल-कारखान्याचे साल्झगिटर, तिन्ही लोअर सॅक्सनीतली. झ्विकाऊ पडते सॅक्सनीत. नाव सारखे असले तरी राज्य निराळे, आणि त्या राज्याला मंडळावर जागा नाही. कंपनी खर्चाचे आकडे पुढे करते, आकडे खरेही असतील. पण आम्हाला यात टेबलाचाच हिशेब दिसतो. मोट एकच, पण विहिरीजवळच्या वाफ्याला पाणी आधी लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहूवाल्याने राज्याच्या पाण्याचे आणि पतपुरवठ्याचे वाटप साठ वर्षे पाहिले आहे. तो झ्विकाऊचा नकाशा एका नजरेत वाचेल.

2027 पासून झ्विकाऊत ऑडीची एकच जात बनेल. उरलेल्या माणसांसाठी जुन्या गाड्या मोडून त्यातला माल सोडवण्याचे काम आणू, असे कंपनीने सांगितले आहे. किती जणांना ते पुरेल, हा प्रश्न उरतोच.