‘वय झालं’ हे निदान नव्हे

आजी दिवसभर पडून राहते. उन्हाळ्यातही गोधडी मागते. पोट साफ होत नाही, आवाज घोगरा झाला, नावे आठवत नाहीत. आपल्या वस्त्यांत यावर एकच उत्तर मिळते : ‘वय झालं, आता असंच चालायचं.’ रक्त तपासल्याशिवाय हे उत्तर कोणी देऊ नये, असे आमचे म्हणणे आहे.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की हीच लक्षणे दिसतात, बायकांमध्ये जास्त. ग्रंथी जादा काम करू लागली तर वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात. म्हातारपणी मात्र कधी नुसती मरगळ असते, कधी फक्त हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून रोग लपून राहतो.

विहारात आरोग्य शिबिर झाले की बीपी आणि शुगर बघून ज्येष्ठांना घरी पाठवतात. सरसकट सगळ्यांची थायरॉईड तपासणी करा, असे आम्ही म्हणत नाही. वाढत्या वयात टीएसएचचा आकडा थोडा वाढतोच. तेवढ्यावर गोळी लागतेच असे नाही. गरज नसताना घेतलेली गोळी हृदयाला आणि हाडांना बाधते. पण ज्यांना वरची लक्षणे आहेत, गळ्याला गाठ आहे किंवा घरात हा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना टीएसएच तपासणीबद्दल नाव घेऊन विचारावे.

गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि रक्तवाढीच्या गोळ्या चार तासांनी. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये आणि शेजारणीची गोळी तर मुळीच घेऊ नये.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. तरी मंठा, घनसावंगी, जाफ्राबादच्या खेड्यांतून म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला न्यायचे तर घरातल्या एकाची रोजी बुडते. तपासणी अडते ती इथे. यावर उपाय आपल्याच हातात आहे. विहार समितीने लक्षणे असलेल्या ज्येष्ठांची यादी करावी. आठवड्यातून एकदा एका तरुणाने चौघांना सोबत घेऊन दवाखाना गाठावा. चार घरांच्या चार रोज्या बुडण्याऐवजी एकाचाच दिवस जाईल, आणि तो पुढच्या वेळी दुसऱ्याने द्यावा.