लाल करवंदं कोण घेतं?

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या कुठल्याही दुकानात शिरा. चिक्की, फज, चिवडा असं सगळं पुढ्यात मांडलेलं असतं आणि मागच्या फळीवर जॅमच्या बाटल्या. त्यांतही मान स्ट्रॉबेरीचा. स्ट्रॉबेरी काही मावळाची नव्हे, ती महाबळेश्वर-पाचगणीची. किशोर व्होरा यांनी १९५९ साली पाचगणीत मॅप्रो सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत थंड हवेचं ठिकाण म्हटलं की परत येताना स्ट्रॉबेरी जॅमची बाटली, असं समीकरणच होऊन बसलं. लोणावळाही थंड हवेचं, मग इथेही बाटली हवीच.

मे महिन्यात त्याच दुकानांच्या समोर, फुटपाथच्या कडेला, वाडीवरून पहाटे निघून आलेल्या ठाकर, कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. पाटीत डोंगरची काळी मैना. पानाच्या द्रोणात करवंदं भरून हातात मिळतात, ती खात खात माणूस दुकानात शिरतो आणि स्ट्रॉबेरी जॅम घेऊन बाहेर पडतो. स्वयंपाकाच्या अंगाने बघितलं तर यापेक्षा उफराटा व्यवहार सापडणं कठीण. जॅम घट्ट होण्यासाठी फळात जे लागतं ते स्ट्रॉबेरीत फार थोडं आणि करवंदात भरपूर.

त्या पदार्थाचं नाव पेक्टिन. फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा तो चिकट द्रव्याचा लेप. १८२५ च्या सुमारास आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने तो वेगळा करून त्याला नाव दिलं, पण जॅम त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. बाजारच्या बाटलीवर बारीक अक्षरात ४४० हा आकडा दिसतो, तो यालाच दिलेला क्रमांक आहे. आकडा बघून दचकायचं कारण नाही. संत्र्या-लिंबाच्या साली आणि रस काढून उरलेला सफरचंदाचा चोथा यांतूनच कारखान्यात पेक्टिन काढतात. ते विष नाही की भेसळ नाही. कारखान्याला ते लागतं कारण त्याला बारा महिने, कुठल्याही बागेतल्या फळापासून, एकसारखी बाटली भरायची असते. आपल्याला वर्षातून पाच-सहा बाटल्या भरायच्या असतात, त्याही हंगामात. आपण ते का विकत आणावं? विशेषतः ज्या गावाच्या चारी अंगांना ते काट्यात लगडलेलं आहे, त्या गावात?

लोहगड-विसापूरच्या उतारावर, राजमाचीच्या वाटेवर, तुंग-तिकोन्याकडे, आंदर मावळात, जिथे कातळावर चार बोटं माती आहे तिथे करवंदीच्या जाळ्या आहेत. एप्रिल संपता संपता फळ धरतं, आधी हिरवं, मग लाल, मग काळं. काळं झालं की गोड. लहानपणी फोडून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. त्या खेळात पिकलेलंच करवंद लागायचं. लालसर, अर्धकच्चं फळ तोंडात टाकलं की डोळे मिटायचे, ओठांना चीक चिकटायचा आणि घरी गेल्यावर बोलणी बसायची. जॅम करायला मात्र ही अर्धकच्ची फळंच कामाची.

याचं कारण फळ पिकतं कसं यात आहे. कच्च्या फळात हे द्रव्य न विरघळणाऱ्या रूपात असतं, म्हणून फळ टणक. पिकू लागलं की ते विरघळणारं होतं, फळ मऊ पडतं. आणखी पिकलं की त्याचे तुकडे होतात आणि त्यात गोठवण्याचा जोर राहत नाही. म्हणजे खायला सर्वांत गोड ते जॅमला सर्वांत निकामी. रंग आणि वास पिकल्या फळाचा, धरून ठेवणारी ताकद अर्धकच्च्याची. तीन वाटे काळी आणि एक वाटा लाल हे प्रमाण मला बरोबर वाटतं. उरलेला आंबटपणाचा प्रश्न करवंद स्वतःच सोडवतं. पेक्टिनचे लांबलचक रेणू पाण्यात एकमेकांना दूर लोटत असतात. आंबटपणा ते लोटणं थांबवतो, साखर त्यांच्या भोवतीचं पाणी ओढून घेते, आणि मग ते एकमेकांत अडकून जाळं तयार होतं. जॅम म्हणजे हेच जाळं, त्यात अडकलेला रस. करवंदाला वरून लिंबू पिळावं लागत नाही. स्ट्रॉबेरीला, अंजिराला पिळावं लागतं, शिवाय लिंबाच्या बिया फडक्यात बांधून सोडाव्या लागतात, तरी सैलच राहतं.

लाल करवंदं मागितली की पाटीवाल्या मावशींना हसू येतं.

“लाल कशापायी वं ताई? आंबट ढाण असत्यात ती. काळी घ्या की.”

“जॅमला हवीत, मावशी. उद्या आणाल का मूठभर जास्त?”

“आणते की. ती काय, जाळीत कुनी इचारीत न्हाई त्यान्ला.”

खरंच विचारत नाही. काळी निवडून काढायची, लाल जाळीतच ठेवायची किंवा चुकून आली तर पाटीच्या तळाशी जाऊ द्यायची. काळं करवंद दुसऱ्या दिवशी ओघळायला लागतं, त्यामुळे संध्याकाळच्या लोकलआधी मिळेल त्या भावात पाटी मोकळी करावी लागते. घासाघीस करणाऱ्या पर्यटकांना हे ठाऊक असतं, म्हणूनच ते संध्याकाळी घासाघीस करतात. काट्यांनी ओरबाडलेल्या हातांकडे बघून तरी माणसाने दहा रुपयांसाठी वाद घालू नये, पण ते असो.

आता कृती. करवंदं देठं काढून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची, चीक सुटतो. मग धुऊन, एक किलोला पाऊण वाटी पाणी घालून झाकणाखाली मंद शिजवायची. फुटली की रवीने घोटायची आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीवर घालायची. बिया आणि सालीचा कडक भाग वर राहतो, खाली दाट, काळसर-लाल गर येतो. हा गर वजन करून घ्यायचा. किलोभर गराला साडेसातशे ग्रॅम साखर. साखर आधी, शिजवतानाच घालायचा मोह टाळावा, कारण साखर पडली की फळ आकसतं आणि आतलं पेक्टिन बाहेर येईनासं होतं. भांडं स्टीलचं, रुंद तोंडाचं. आंबट फळाला बिनकल्हईचं पितळ किंवा ॲल्युमिनियम नको. आणि एका वेळी थोडंच. पाच किलोचा घाट घातला तर पाणी उडायला तास लागतो आणि तासभर उकळलं की पेक्टिनचेही तुकडे पडतात. भराभर, मोठ्या आचेवर, ढवळत राहून वीस-पंचवीस मिनिटांत संपवायचं हे काम आहे.

गरात पेक्टिन पुरेसं आहे का अशी शंका आली तर साखर घालण्यापूर्वी चमचाभर रस गार करून त्यात तीन चमचे स्पिरिट ओतावं, औषधाच्या दुकानात मिळतं ते. मिनिटभराने एकसंध गोळा जमला तर फळ उत्तम, तुकडे तुकडे झाले तर बेताचं. चाखायचं मात्र नाही, फेकून द्यायचं. मला ही परीक्षा आवडते. स्वयंपाकघरात शाळेच्या प्रयोगशाळेचा वास येतो.

थांबायचं कधी, यात जॅमचं सगळं यश आहे. पुस्तकं सांगतात, १०५ अंश सेल्सिअस. पण ती पुस्तकं समुद्रसपाटीवरची. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. जॅमचा बिंदू पाणी उकळण्याच्या पाच अंश वर, म्हणजे इथे १०३. पुस्तकावर विश्वास ठेवून इथल्या कढईत १०५ गाठलं तर दुसऱ्या दिवशी बाटलीत चमचा शिरत नाही. चिक्कीच्या गावात ते शोभून दिसेल, पण पोळीला लावता येणार नाही.

थर्मामीटर नसेल तर वजनकाटा घ्या, तो आता घरोघरी असतो. रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. किलोभर गर आणि साडेसातशे ग्रॅम साखर मिळून साडेसतराशे ग्रॅम होतात. उकळून ते तेराशेच्या आसपास आले की झालं. टिकाऊ जॅमला साखर आणि फळातले विरघळलेले पदार्थ मिळून निदान ६५ टक्के लागतात, तो हिशेब इथे बरोबर जुळतो. याच आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तेराशे ग्रॅम जॅममध्ये हजार ग्रॅम फळाचा गर, म्हणजे शेकडा पंचाहत्तरच्या वर. आपल्या अन्न सुरक्षा नियमांनुसार बाजारच्या जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के असावं लागतं, आणि स्ट्रॉबेरीला त्यातही सूट आहे, २५ टक्के पुरतात. बाकीची जागा कशाने भरते हे बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचायचा मात्र कंटाळा असतो.

आजी-पणजींकडे थर्मामीटर नव्हता, काटा नव्हता, तरी साखरांबा बिघडत नव्हता. बोटांत पाक धरून एक तार, दोन तार बघणाऱ्यांना जॅम अवघड नाही. इथे तार बघायची नाही एवढाच फरक. फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटलीवर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. वर सुरकुती पडली की गॅस बंद. कढईतला जॅम तेव्हा पातळच दिसतो, तसाच दिसायला हवा. तो चोवीस तासांत बसतो.

साखर कमी करून चालेल का, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो, बहुधा सकाळी टायगर पॉइंटपर्यंत चालून आलेल्यांकडून. चालणार नाही. साखर निम्म्यावर आणली तर जाळं जमत नाही, आणि जमलं नाही तरी बुरशी जमतेच. लोणावळ्यात जूनपासून भिंतींना, चपलांना, पुस्तकांना बुरशी येते, तिला जॅमची बाटली वर्ज्य असायचं कारण नाही. गोड कमी हवं असेल त्याने जॅम कमी खावा. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या करायच्या, कडकडीत जॅम गळ्यापर्यंत भरून लगेच झाकण लावायचं, फोडलेली बाटली फ्रीजमध्ये, चमचा कोरडा. पावसाळ्यात यात एकही सवलत नाही.

करवंदीच्या जाळ्या किती वर्षं राहतील हे मात्र सांगवत नाही. मावळात डोंगराला प्लॉट पाडले की पहिल्यांदा जाळी जाते, कारण तिच्यात काटे आणि तिचा सातबाऱ्यावर उल्लेख नसतो. जागी तारेचं कुंपण येतं, आत लॉन, आणि फाटकावर बंगल्याचं नाव एखाद्या रानफुलाचं. पूर्वी शेताच्या बांधाला हीच करवंद कुंपण म्हणून असायची. गुरं आत येत नसत आणि मे महिन्यात पोरांना खाऊ. तारेवर काही पिकत नाही.

वळवाचा एक चांगला पाऊस झाला की करवंद पाणचट होतं, हंगाम संपत येतो आणि जांभळं सुरू होतात. जांभळाचा रंग देखणा, चव तुरट-गोड, पण जॅम करताना आंबटपणा कमी पडतो. त्यासाठी मे महिन्यातच लाल करवंदं जास्तीची शिजवून, नुसता रस गाळून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा. जूनमध्ये किलोभर जांभळाच्या गराला असे सात-आठ तुकडे घातले की पुरतात. रंग बदलत नाही, चव किंचित धारदार होते. रायवळ आंब्याच्या रसालाही हाच उपाय चालतो, फक्त तिथे तुकडे दहा-बारा घालावेत, आंब्याचा गोडवा जास्त असतो.