विश्लेषण : समुद्री शेवाळाची शेती प्रवाळांच्या मुळावर?

आइस्क्रीम आणि टूथपेस्टला दाटपणा देणारा ‘कॅराजीनन’ हा पदार्थ ‘कॅपाफायकस’ या समुद्री शेवाळापासून मिळतो. फिलिपिन्समध्ये ‘गुसो’ या नावाने त्याची कोशिंबीरही खाल्ली जाते.

हे शेवाळ कुठे वाढते?
उबदार, उथळ आणि पुरेशा खारट पाण्यात. फिलिपिन्समध्ये १९७०च्या दशकात त्याची शेती रुजली. आज इंडोनेशियाही आघाडीवर आहे. भारतात तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर महिला बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवतात. ना खत, ना गोडे पाणी. साधारण ४५ दिवसांत पीक हाती येते.

मग अडचण काय?
ते इथले मूळचे नाही. तराफ्यावरून तुटलेले तुकडे वाहत जाऊन दुसरीकडे रुजतात. मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळ त्याने जिवंत प्रवाळ झाकून टाकल्याचे संशोधकांनी २००८मध्ये नोंदवले. प्रवाळ गुदमरले की त्यांच्या आश्रयाचे मासे जातात. म्हणजे तोटा पुन्हा मच्छीमारांचाच.

उपाय कोणता?
शेती बंद करणे नव्हे. त्यावर अनेक घरे चालतात. तराफे प्रवाळांपासून दूर हवेत, निसटलेले तुकडे वेचण्याची सक्ती हवी आणि आगर देणाऱ्या ग्रॅसिलारियासारख्या देशी जातींना प्रोत्साहन हवे. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेतून तराफ्यांना अनुदान मिळते. तसाच पैसा देखरेखीसाठीही राखून ठेवावा. किती टन काढले, एवढेच मोजून भागणार नाही. किती निसटले, हेही मोजावे लागेल.