केसपेपरची रांग गेली कुठे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार मोफत झाले. त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, केंद्राने क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी करण्याची सोय आणली होती. जिथे ती नीट चालते तिथे खिडकीवरचा वेळ वाचतो. पण म्हणून रुग्ण घरी लवकर पोहोचतो का? बहुधा नाही. तो डॉक्टरांच्या दाराशी लवकर पोहोचतो आणि तिथे जास्त वेळ थांबतो. रांग संपत नाही, फक्त जागा बदलते.

रांगांचे गणित डॅनिश अभियंता एरलांग याने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन सेवेसाठी मांडले. एका रांगेतून दुसरीत जाणाऱ्या, पुन्हा पहिलीत परतणाऱ्या गर्दीचे गणित अमेरिकेच्या जॅक्सन यांनी १९५७ मध्ये दिले. आमची ओपीडी नेमकी तशीच आहे: केसपेपर, डॉक्टर, रक्त तपासणी, पुन्हा डॉक्टर, मग औषधांची खिडकी.

समजा, एक डॉक्टर तासाला सरासरी २० रुग्ण तपासू शकतो. (तीन मिनिटांत काय तपासणार, हा प्रश्न रास्त आहे.) सोप्यात सोप्या सूत्रानुसार तासाला १६ रुग्ण आले तर तपासणी धरून प्रत्येकाची सरासरी १५ मिनिटे जातात. १८ आले तर ३० मिनिटे. १९ आले तर पूर्ण एक तास! डॉक्टर तोच, वेग तोच. रुग्ण ठरावीक अंतराने येत नाहीत. कुणाला दोन मिनिटे लागतात, कुणाला दहा. रिकामी गेलेली मिनिटे नंतरच्या गर्दीत परत मिळत नाहीत.

आता हे १८ कोण, ते पाहा. नवे १२ आणि त्यांतले निम्मे, म्हणजे सहा, रिपोर्ट दाखवायला परत आलेले. नॉर्मल रिपोर्ट तंत्रज्ञाकडून डॉक्टरांना थेट कळला आणि सहांपैकी दोघांचा हेलपाटा वाचला, तर १६ उरतात. थांबण्याचा काळ निम्मा होतो, एकही पद न भरता. पदे भरावीत, हे आहेच. पण ‘परत किती आले?’ असे आढावा बैठकीत क्वचितच कुणी विचारते. त्याच रांगेत छातीत दुखणारा माणूसही उभा असू शकतो. त्याला नंबर न लावता आत घ्यायलाच हवे.

जिल्ह्याचेही असेच जाळे आहे. मालेगावहून (आपल्या, नाशिकच्या नव्हे) गंभीर रुग्ण वाशीमला, तिथून अकोल्याला, हा ओळखीचा रस्ता. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, चांगले झाले. पण बीपी-शुगरच्या त्याच गोळ्यांसाठी गावोगावचे रुग्ण दरमहा तिथेच जाऊ लागले, तर तिथला डॉक्टरही लवकरच एकोणिसाव्या रुग्णापाशी पोहोचेल. त्या गोळ्या उपकेंद्रात, महिनाभर न खंडता, मिळायला हव्यात. एकदा जरी ‘संपल्या’ असे ऐकले, की माणूस पुढच्या वेळी थेट वाशीमची बस धरतो.