टाकी कोण रिकामी करणार?

कुंडलिकेच्या काठावर आता चाकांवरची घरं येऊ लागलीत. बिछाना, गॅस, बेसिन, संडास, सगळं एका मोटारीत. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलं. मुंबई-पुण्याचा साहेब कोलाडला उतरतो. सकाळी भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर राफ्टिंग करतो. (ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 साली शेतकरी सत्याग्रहाला उतरले, त्याच धरणाचं हे पाणी. असो.) रात्री शेकोटीपुढं बसून म्हणतो, वीज नाही, नळ नाही, काय शांती आहे! याला ते 'ऑफ-ग्रिड' म्हणतात. आमच्या बौद्धवाड्या, कातकरवाड्या पिढ्यान्‌पिढ्या ऑफ-ग्रिड होत्या. त्याचं तिकीट कुणी लावलं नाही.

माझा सवाल त्या मोटारीच्या पोटातल्या टाक्यांचा आहे. टाक्या दोन. एक मोरीच्या पाण्याची, दुसरी मैल्याची. छोट्या गाडीत दुसरीच्या जागी वीसेक लिटरची कॅसेट, दोन माणसांत दोन-तीन दिवसांत भरणारी. याचं शास्त्र आहे. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह भरेपर्यंत बंद ठेवावा, नाहीतर पातळ वाहून जातं आणि घट्ट तळाला ढीग करून बसतं. आधी मैल्याची टाकी सोडावी, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. ओढ्यात, नदीत काहीच सोडू नये. फॉर्मल्डिहाइडचं औषध घातलेला मैला सेप्टिक टाकीत ओतला की तिथले जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते.

सगळं बरोबर. फक्त या वाक्यांत कर्ता कुठाय? सोडावी, ठेवावा, धुऊन निघतो. कोण सोडणार? मी दहावी पास माणूस, पण एवढं व्याकरण मला कळतं.

परदेशात मोटारवाला हातमोजे घालतो आणि स्वतःचा मैला स्वतः ओततो. डॉक्टर असो की प्रोफेसर, त्याचं काही बिघडत नाही. इथं साहेब चावी देऊन मोकळा होतो आणि मॅनेजर वस्तीत फोन लावतो. माझ्या मावसभावाला असाच फोन आला. नोकरीचं नाव 'कॅम्प असिस्टंट'. अंगावर टी-शर्ट, डोक्यावर टोपी. दुसऱ्या दिवशी हातात पाइप. चौथ्या दिवशी टाकी तुंबली, तर म्हणे झाकण उघड आणि उतर. त्यानं पैसे विचारले. "तुमचंच तर काम आहे, भाव काय करतोस?" तो उतरला नाही, घरी आला. जागेचं नाव छापत नाही, कारण हे एका जागेचं दुखणं नाही.

सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. गॅस वाढला की नाकच मरतं. माणसाला वाटतं वास गेला, आणि तो खाली कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही तिथंच पडतो.

कायदा आहे की! 2013 चा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण 'धोकादायक सफाई'ची व्याख्या काढून वाचा. मालकानं संरक्षणाची साधनं न देता उतरवलं तर ती धोकादायक. म्हणजे बूट-मास्क दिला की माणूस उतरवायला वाट मोकळी! सुप्रीम कोर्टानं 2014 साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला लावले, 2023 साली तीस लाख केले. मेल्यावरचा आमचा भाव वाढला, साला.

मी गोदीत काम करतो. जहाजालाही मैल्याची टाकी असते. तिच्यासाठी मार्पोल नावाचा जगाचा करार आहे. कच्चा मैला सोडायचा तर किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पुढं, आणि तोही चालत्या जहाजातून. समुद्राला बारा मैलांचं अंतर आणि आमच्या पोराच्या नाकाला वीतभरही नाही? रोह्यातच बघा. इथून कोकण रेल्वे सुरू होते. वर्षानुवर्षं डब्यांतला मैला रुळांवर पडायचा. तो काढायला माणसं कुठल्या जातीची असत, हे मी सांगायला नको. मग डब्यांखाली जैवशौचालयं बसवली. बसवायचं ठरवलं की बसतं.

काही दोस्त मला म्हणतात, धाटावच्या कारखान्यांत कंत्राटीपलीकडं काय आहे? पोरं चार पैसे कमावतायत, तू त्यांच्या पोटावर पाय का देतोस? मी पोटावर पाय देत नाही. मी विचारतो, त्याच नदीवर राफ्टचं वल्हं आहे, गाइडची शिट्टी आहे, काउंटरची खुर्ची आहे. वस्तीत फोन येतो तो पाइपसाठीच का? ज्या दिवशी तो खुर्चीसाठी येईल, त्या दिवशी मीच पोरांना पाठवीन.

तोवर मंडळांनी ग्रामसभेत उभं राहावं आणि एकेका कॅम्पचं नाव घेऊन विचारावं. गाड्यांच्या टाक्या कुठं उतरतात? सक्शनची गाडी कुणाची? शेवटची कधी आली आणि मैला कुठं नेऊन ओतला? उत्तर कागदावर, सहीशिक्क्यानिशी. ज्याच्याकडं कागद नाही त्याचा कॅम्प बंद करा म्हणून अर्ज तिथंच द्यावा.

आणि कॅसेट साहेबानं स्वतः उचलावी. काठोकाठ भरली तरी वीस-पंचवीस किलो. गोदीत आम्ही पन्नासचं पोतं पाठीवर घेतो.