विजेत्यांची तुलना आणि गागोदे बुद्रुकचे माप

मुंबईने रणजी करंडक जिंकला, की एक जुना वाद हमखास डोके वर काढतो. मार्च २०२४ मध्ये अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला वानखेडे मैदानावर १६९ धावांनी नमवून ४२ व्यांदा विजेतेपद मिळवले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा हा करंडक राखणाऱ्या मुंबई संघापुढे आजच्या संघाचा टिकाव लागला असता काय, हा तो वाद. एक पक्ष जुन्यांच्या तंत्राचे गोडवे गातो, दुसरा नव्यांच्या तंदुरुस्तीचे. दोन्ही पक्ष धावा आणि बळींच्या तक्त्यांवर हिरिरीने भांडतात. आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

तक्त्यांची तुलना फोल का ठरते, हे पाहणे अवघड नाही. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला. पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. त्या खेळपट्टीवर मुंबईलाही १५१ आणि ११३ एवढ्याच धावा जमल्या होत्या. अशा खेळपट्टीवरचे शतक आणि आजच्या खेळपट्टीवरचे शतक एका तागडीत घालता येत नाही. शिवाय त्या काळी साखळी सामने विभागापुरते असत. पश्चिम विभाग ओलांडल्यानंतर बाद फेरीचे मोजकेच सामने उरत आणि अंतिम फेरीत राजस्थानशी गाठ पडे. त्या १५ वर्षांत असे ७ वेळा घडले. विभागीय पद्धत २००२-०३ मध्ये बंद झाली. आजच्या विजेत्याला देशभरच्या संघांशी झुंजत पुढे जावे लागते. यावरून जुने संघ दुबळे होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. एवढेच म्हणता येते, की परीक्षाच वेगळी होती.

मग तुलना करायची ती कशाची? विजेता संघ आकाशातून पडत नाही. त्याला कोणीतरी पोसलेले असते. तो कोणी पोसला, आणि त्याचे दार कोणाकोणासाठी उघडे होते, ही तुलना मात्र कोणत्याही दोन कालखंडांत करता येते.

होळकर संघाचे उदाहरण घ्यावे. इंदूरच्या संस्थानाने पोसलेल्या या संघाने कर्नल सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली १९४५-४६ ते १९५२-५३ या अवधीत ४ वेळा रणजी करंडक जिंकला. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी माणसे त्यात होती. गुणवत्तेविषयी शंकाच नको. परंतु हा सरंजामी आश्रय होता. संस्थान विलीन झाले, आणि थोड्याच वर्षांत होळकर हे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. आश्रयदात्याबरोबर संघही सरला.

मुंबईच्या १५ विजेतेपदांचे रहस्य यापेक्षा वेगळे होते. १९७०-७१ मध्ये वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड हे सारे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघाने महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. संघाचे सामर्थ्य अकराजणांत नव्हते, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत होते. ही रांग सार्वजनिक मैदानांनी, पावसाळी कांगा लीगने आणि टाइम्स शील्डसाठी झुंजणाऱ्या कचेऱ्यांनी उभी केली होती. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. रणजी संघात जागा न मिळालेल्यालाही महिन्याचा पगार आणि म्हातारपणाची शाश्वती होती. तो निर्धास्तपणे खेळू शकत होता; म्हणूनच वरच्यांना त्याची धास्ती वाटे.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची मर्यादा झाकू नये. तिचे दार प्रामुख्याने दादर-शिवाजी पार्कच्या पांढरपेशा वस्तीत उघडत होते. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर त्यातून भारतीय संघात पोचला आणि २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला. त्याचे कौतुक करताना एक विसरले जाते. सोलकर मैदानाच्या आतच वाढला होता. जे मैदानापासून दूर वाढले, त्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात नाही.

या मापाने २०२४ चा संघ काही बाबतींत निःसंशय पुढे आहे. लोकलने मुंबई गाठणारा पालघरचा शार्दूल ठाकूर, विरारचा पृथ्वी शॉ, कल्याणचा तुषार देशपांडे ही नावे सांगतात, की दार रेल्वेच्या रुळांबरोबर लांबवर सरकले आहे. बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या कोटियन आणि देशपांडे यांनी शतके ठोकली; दुसऱ्या रांगेची ताकद आजही आहे. मोबदलाही वाढला आहे. २०२१ पासून रणजीच्या अकरांतील खेळाडूस अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. पण हे पैसे खेळलेल्या दिवसाचे आहेत. १९९१ नंतर कंपन्यांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली आणि २००८ पासून आयपीएलचा लिलाव सुरू झाला. शिखरावरचे मोजके कोट्यधीश झाले. बाराव्यापासून पन्नासाव्यापर्यंतच्यांची शाश्वती मात्र गेली. जुन्या संघाचे दार अरुंद, पण आतला आधार पक्का. नव्याचे दार रुंद, पण आधार ठिसूळ. खरा हिशेब हा आहे.

या हिशेबाला एक कठोर माप लावून पाहावे. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. भूदानाचे यशही पुढे किती एकर कागदावर आले यावरून ठरले नाही; ती जमीन किती भूमिहीनांच्या हाती पडली, यावरून ठरले. विजेत्या संघालाही हेच माप हवे. कोकणात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत टेनिसच्या चेंडूचे सामने रंगतात; हौसेची वाण नाही. परंतु टेनिसच्या चेंडूपासून कातडी चेंडूपर्यंतची वाट गवताची खेळपट्टी, जाळी, पॅड आणि शिक्षक यांतून जाते. त्यात हद्दीची गोष्ट वेगळीच. पालघरचा मुलगा मुंबईचा ठरतो. रायगड जिल्हा मात्र महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे आहे. म्हणजे पेणच्या मुलाने मुंबईकडे पाठ करून घाट चढावा आणि १९४०-४१ नंतर करंडक न जिंकलेल्या संघात जागा शोधावी.

हे विधिलिखित नव्हे. विदर्भाने दशकानुदशके अंतिम फेरी पाहिली नव्हती. अकादमी आणि वयोगटांच्या संघांवर खर्च झाला, आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीनदा विजेतेपद त्या मातीने मिळवले. दुबळेपणा मातीत नव्हता, वाटपात होता.

म्हणून संघटनांनी आपल्या तिजोरीतून प्रत्येक तालुक्याला एक खरी खेळपट्टी आणि एक पगारी शिक्षक द्यावा. सरकारी आणि सहकारी संस्थांनी खेळाडूंची कायम भरती पुन्हा सुरू करावी. १९७३ चा संघ श्रेष्ठ की २०२४ चा, हा वाद खुशाल चालू राहो. गागोद्यासारख्या गावातला मुलगा ज्या संघाच्या निवड-चाचणीला बरोबरीच्या तयारीने उभा राहू शकेल, तो संघ या दोहोंपेक्षा श्रेष्ठ असेल. तो अजून व्हायचा आहे.