कोटा रद्द करा म्हणू नका, कोट्याचा हिशेब मागा

गेल्या महिन्यात वटारच्या आमच्या अभ्यासगटात एका निवेदनावरून चांगलाच वाद झाला. निवेदन एका विद्यापीठाच्या कुलसचिवांना द्यायचे होते. विषय दोन: संगणक कक्षात विद्यार्थ्याला किती पाने छापता येतात आणि विद्यापीठाने दिलेल्या खात्यात त्याला किती फाइली ठेवता येतात. मसुदा लिहिणाऱ्या मुलांची पहिलीच मागणी होती, 'सर्व मर्यादा तात्काळ रद्द कराव्यात.' आम्ही ती ओळ खोडायला सांगितली. मुले चिडली. 'तुम्ही प्रशासनाची भाषा बोलताय,' असेही एकाने ऐकवले. त्या रात्री आम्हाला जे नीट मांडता आले नाही ते इथे मांडतो आहोत.

आधी प्रकरण सांगतो. आमच्या गटातली एक मुलगी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वटारहून नालासोपारा स्टेशन, तिथून गर्दीची लोकल, उतरल्यावर पुन्हा रिक्षा. घरी संगणक नाही. मोबाइल आहे, पण तो कायम भरलेला. तिच्या विभागाचा नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाला ३०० पाने मोफत, पुढच्या प्रत्येक पानाला पैसे. तिचा लघुप्रबंध ९० पानांचा. मार्गदर्शक दुरुस्त्या कागदावरच करतात, त्यामुळे तो चार वेळा पूर्ण छापून द्यावा लागला, म्हणजे ३६० पाने. शेवटच्या तीन प्रतींची २७०. एकूण ६३०. मशिनमध्ये कागद अडकून फाटलेली पानेही तिच्याच खात्यातून वजा झाली, ती वेगळी. तिच्याच वर्गातल्या एका मुलाची २०० पाने वर्षअखेरीस शिल्लक होती, कारण त्याच्या घरी प्रिंटर आहे. नियम दोघांना एकच. एकाला तो कळलाही नाही, दुसरीने मात्र तो भरण्यासाठी उधारी केली.

'सगळ्यांना सारखेच दिले, मग भेदभाव कुठे?' हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आरक्षणाच्या वेळी हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. गंमत अशी की 'कोटा' हा शब्द ऐकला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना संगणक कक्षातला कोटा मात्र अगदी न्याय्य वाटतो. तिथे कुणी गुणवत्ता काढत नाही.

तरीही मर्यादाच नको ही मागणी आम्हाला चुकीची का वाटते? कारण मर्यादा नसेल तेव्हा जो आधी पोचतो, ज्याला वेळ आहे, ज्याची कक्षातल्या माणसाशी ओळख आहे, त्याचे फावते. दुपारी बारानंतर पोचणाऱ्या वटारच्या मुलीसमोर 'कागद संपला' अशी पाटी असते. साधन सार्वजनिक आहे एवढ्याने ते सगळ्यांच्या हाती लागत नाही. चवदार तळे नगरपालिकेने ठरावाने खुले केलेच होते, तरी १९२७ साली महाडला जाऊन पाणी प्यावे लागले.

शिवाय अमर्याद असे काही नसते. गुगल शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवणूक फुकट देत होते तेव्हा अनेक विद्यापीठांनी त्यावर विसंबून स्वतःची सोय उभारलीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने जाहीर केले की आता संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट, आणि जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून. भागाकार करून पाहा. ५०,००० खाती असलेल्या विद्यापीठात एका खात्याच्या वाट्याला २ जीबी येतात. आपण स्वतः फुकट उघडलेल्या जीमेलला १५ जीबी मिळतात! ही मर्यादा विद्यापीठाने ठरवलेली नाही हे खरे. पण १०० टेराबाइटमधले प्रशासनाने किती घेतले, परीक्षा विभागाने किती, बंद पडलेल्या समित्यांच्या खात्यांत किती अडकून आहे आणि विद्यार्थ्यांना किती उरले, हे विद्यापीठच ठरवते. भांडण तिथे न्यायला हवे.

आता साठवणुकीत नेमके काय साठते ते बघू. एका मुलाने हुशारीने मुद्दा काढला की युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि रोमन एकच, म्हणजे मराठी विद्यार्थ्यावर मुळातच अन्याय! मुद्दा खरा आहे, पण त्याने जागा भरत नाही. टाइप केलेला अख्खा प्रबंधही एखाद्या मोबाइल फोटोपेक्षा लहान निघतो. जागा भरते ती स्कॅनने. इंग्रजीतून काम करणाऱ्याला लेख शोधता येईल अशा मजकुराच्या पीडीएफमध्ये मिळतो, एखाद्या एमबीचा. आपल्या विषयावर काम करणाऱ्याला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जागी बसून जुन्या अंकांचे, परवानगी मिळाली तर, मोबाइलने फोटो काढावे लागतात. एक फोटो ४ एमबीचा धरा. ५०० पानांचे २ जीबी झाले. वर काढलेला एका खात्याचा सगळा वाटा एका आठवड्याच्या कामात संपला.

आणि स्कॅन का लागतात? कारण छापील पुस्तक मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले. ते विकत घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला 'शिल्लक नाही' हे उत्तर पाठ आहे. २०२१ मध्ये 'लोकसत्ता'ने बातमी दिली की नऊ लाख प्रतींसाठी सुमारे साडेपाच कोटींचा कागद घेऊन ठेवला आहे आणि छापल्या आहेत फक्त ३३ हजार. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे सरकारच्या गोदामात कागद पडून, आणि आमच्या मुलीच्या खात्यात जागा नाही म्हणून खंडाची पीडीएफ पुसायची वेळ. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. छपाई थांबली की तिचा भार साठवणुकीवर येतो, साठवणूक संपली की पुन्हा छपाईवर, आणि दोन्ही भार शेवटी एकाच खिशावर येतात.

छपाई हा किरकोळ खर्च नाही हे बाबासाहेबांइतके कुणाला ठाऊक असणार? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातला मजकूर बदलायला सांगितला. त्यांनी नकार दिला. परिषदच रद्द झाली, आणि स्वतःच्या खर्चाने छापलेल्या १,५०० प्रती हाताशी होत्या म्हणून ते न झालेले भाषण आज आपल्यापर्यंत आले आहे. मजकूर छापायला दुसऱ्याच्या परवानगीची गरज पडली असती तर काय झाले असते याचा विचार करा.

सरकारलाही हा खर्च एके काळी मान्य होता. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१०च्या नियमांत संशोधक विद्यार्थ्याला प्रबंधाचे टंकलेखन आणि छपाई यासाठी १,६०० रुपयांपर्यंत रक्कम देण्याची स्वतंत्र तरतूद होती. रक्कम तुटपुंजी, पण तिला नाव होते. मागता येत होती. २०२१च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत वर्षाचा एकरकमी शैक्षणिक भत्ता आला. घरून ये-जा करणाऱ्या साध्या बी.ए., एम.ए.च्या विद्यार्थ्याला तो ३,००० रुपये. प्रवास, पुस्तके, छपाई, सगळे त्यात. नालासोपाऱ्याहून रोज जाणाऱ्याने पास आणि रिक्षाचा हिशेब स्वतः मांडावा. ते ३,००० वेळेवर आले तर, हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी महाडीबीटीवर अर्ज भरला आहे त्यांना सांगायची गरज नाही. तिथेही जातीचा दाखला २५६ केबीत बसवण्यासाठी पोरे सायबर कॅफेत पैसे मोजतात. आपल्या वाट्याला मर्यादा अशा वरून खालपर्यंत येतात.

झेरॉक्सबद्दल एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी, कारण प्रिंटची मर्यादा संपली की मुले तिकडेच वळतात आणि काही ग्रंथपाल 'कॉपीराइट आहे' म्हणून घाबरवतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अपिलात खंडपीठाने काही तपशील पुन्हा तपासायला पाठवले, पण अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढणे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते हे तत्त्व कायम ठेवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्या लढ्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक दुकानदाराच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले होते. झेरॉक्सवाल्याला आपला माणूस मानणारी ती चळवळ आम्हाला फार आवडते.

मग निवेदनात मागायचे काय? आम्ही मुलांना म्हटले, पानांची मर्यादा राहू दे, पण ती गरजेला जोडा. प्रबंधाच्या वर्षाला वेगळी पाने हवीत. शिष्यवृत्तीधारकाला जादा पाने हवीत, आणि ती मागायला विभागप्रमुखासमोर गरिबी सिद्ध करायची वेळ येऊ नये. यादी विद्यापीठाकडे आधीच आहे. न वापरलेली पाने पुढच्या सत्रात जावीत. मशिनने खाल्लेले पान परत मिळावे. हे शेवटचे क्षुल्लक वाटेल, पण छपाई मोजणारी प्रणाली ही दुरुस्ती करू शकते. ती करायची कुणी एवढाच प्रश्न असतो. आणि मार्गदर्शकांनी निदान पहिले दोन मसुदे पडद्यावर तपासावेत. इथे प्रशासनाची चूक नाही, आपल्याच आवडत्या सरांची आहे. तेही लिहा म्हटल्यावर खोलीत शांतता पसरली!

साठवणुकीच्या बाबतीत आमचा सगळा जोर सूचनेवर आहे. शिक्षण संपल्यावर खाते बंद होते आणि त्यातले सगळे जाते. लॅपटॉप, हार्ड डिस्क असलेल्याने प्रत काढून ठेवलेली असते. ज्याचे सगळे काम त्याच खात्यात आहे, त्याची दोन वर्षे एका रात्रीत पुसली जातात. शिवाय सूचना येते ई-मेलवर, त्याच खात्यात. खाते पूर्ण भरले की काही काळाने त्यात नवा ई-मेल येणेच बंद होते, म्हणजे 'तुमची जागा संपली, फाइली जातील' हे पत्र नेमके ज्याला हवे त्याला पोचत नाही. म्हणून किमान ९० दिवस आधी, मराठीत, मोबाइलवर संदेश आणि विभागाच्या फलकावर कागद. आणि प्रत काढून द्यायला कक्षात एक माणूस.

इथून जवळच सोपाऱ्याला आणि भुईगावला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. एकच मजकूर गावोगाव, लोकांना समजेल अशा बोलीत, उघड्यावर. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्या परिसरात सूचना दगडावर लावली जात होती, तिथल्या मुलीला आज ती भरलेल्या ई-मेल खात्यात शोधावी लागते.

पण या सगळ्याआधी आकडे हवेत. आकड्यांशिवाय निवेदन म्हणजे तक्रार, आणि तक्रारीला कुलसचिव 'पाहतो' म्हणतात. सरकारी विद्यापीठ माहितीच्या अधिकाराखाली येते. अर्जाला १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, हे विसरलात तर तेवढ्याच कारणाने तो परत येईल. गेल्या वर्षी छपाईवर किती खर्च झाला, त्यात प्रशासनाची पाने किती आणि विद्यार्थ्यांची किती, हा एक अर्ज. एकूण साठवणूक किती आणि ती कोणत्या विभागाकडे किती, हा दुसरा. दोन्ही एकत्र लिहू नका.

मुलांनी शेवटी ती ओळ खोडली. खुशीने खोडली असे म्हणता येणार नाही. निवेदन बाजूला ठेवून आधी अर्ज लिहायला बसले. पहिला मसुदा २१० शब्दांचा झाला, कापून कापून १४३ वर आणला, आणि त्या मुलीने तो हाताने लिहून काढला, कारण तिची छपाईची पाने संपली होती.